सॅम्पल कोणी घेतलं?

"काळं वासरू तांबडं कसं होतं, ते तुम्ही मला सांगा," असं म्हणून मिस्टर हॉलिसनी प्लास्टिकची एक पिशवी माझ्या टेबलावर टाकली. पिशवीत केस होते. जनावराच्या पाठीवरून कातरलेले, मूळचे काळे, पण आता मेंदी फसलेल्या माणसाच्या डोक्यासारखे विटलेले.

"दोनशे वासरं आहेत माझी. जूनपासून रंग उतरतोय. डोळ्यांभोवती पांढरट कडी आलीयेत, चष्मा लावल्यासारखी. वजन वाढत नाही. आणि मिनरल मी फक्त तुमचंच घालतो, दुसऱ्या कोणाचं नाही."

आमचं हे बोलणं अर्थातच इंग्रजीत झालं. त्या फॅक्टरीत मराठी कळणारी मी एकटीच होते, त्यामुळे तिथली सगळी बोलणी मी इथे मराठीतच सांगते आहे.

टेक्सासमधल्या प्लेनोहून उत्तरेला हायवेनं तासभर गेलं की आमची फॅक्टरी लागायची. मांसासाठी पाळलेल्या गुरांना चाऱ्याबरोबर जी खनिजं द्यावी लागतात, त्यांचं मिश्रण आम्ही बनवायचो. मीठ, कॅल्शियम, फॉस्फरस, जस्त, तांबं, आणखी काय काय. मी तिथे लॅब सांभाळायची. नागपूरची केमिस्ट्रीची एम.एस्सी., आणि जात्याच संशयी स्वभाव, एवढ्या भांडवलावर मला ती नोकरी मिळाली होती. भाजीवाल्याचं माप, माझ्या मुलीच्या, रुचाच्या, मैत्रिणी, नवऱ्याचं "निघालोच", कशावरच माझा कधी पटकन विश्वास बसला नाही. घरात त्यावरून माझी थट्टा व्हायची. फॅक्टरीत त्याच गुणाचा पगार मिळायचा.

काळ्या गुरांचा रंग उतरणं म्हणजे अंगात तांबं कमी, हे कुठल्याही पुस्तकात मिळेल. म्हणजे आमच्या मिश्रणात मोरचूद, तांबं ज्यातून मिळतं ते निळं कॉपर सल्फेट, कमी पडत असणार. हॉलिस गेल्यागेल्या मी फडताळातली सॅम्पलं काढली. मिक्सरच्या प्रत्येक घाण्यातलं अर्धा किलो मिश्रण आम्ही तारीख घालून वर्षभर ठेवायचो. एरवी रोज मी फक्त कॅल्शियम, फॉस्फरस आणि मीठ बघत असे; तांब्याची तपासणी वेळखाऊ, ती वर्षातून एकदा, दर जानेवारीत व्हायची. दोन दिवस मी दुसरं काही केलं नाही. मार्चपर्यंतची सॅम्पलं चोख होती. एप्रिलपासूनच्या प्रत्येक सॅम्पलात तांबं असायला हवं त्याचा सहावा हिस्सा. मशीनवर संशय घेऊन मी सगळं पुन्हा मोजलं. आकडे तेच आले. जस्त ठीक होतं, सेलेनियम ठीक होतं, फक्त तांबंच गायब होतं.

फक्त तांबं जातं म्हटल्यावर मन चोरीकडे वळणारच. ते २००६ साल होतं. तांब्याचा भाव आकाशाला भिडला होता. रिकाम्या घरांच्या एसीमधल्या तांब्याच्या नळ्या लोक उपटून नेत होते, रोज पेपरात एक तरी बातमी असायची. मोरचुदाची पोती मिक्सरमध्ये हातानं रिकामी करावी लागत आणि ते काम एकाच माणसाकडे होतं. एर्नेस्तोकडे.

एर्नेस्तो तिथे एकोणीस वर्षं होता, माझ्याही आधी आठ वर्षं. बुटका, रुंद, कमी बोलणारा. मला तो त्याच्या स्पॅनिशमध्ये आदरानं 'सेन्योरा', म्हणजे बाईसाहेब, म्हणायचा. त्याच्याबद्दल वाईट शब्द कोणाच्या तोंडून कधी निघाला नव्हता. पण संशयाचं असं असतं की एकदा दार उघडलं की तो सगळ्या घरभर फिरतो. मे महिन्यात एर्नेस्तोनं पिकअप ट्रक घेतला होता, जुनाच, पण घेतला होता. त्याचा मेहुणा डेअरीत कामाला होता, आणि डेअरीवाले गाईंचे खूर धुवायला मोरचूदच वापरतात. एप्रिलमध्ये फॅक्टरीत मिक्सरचं नवं कॉम्प्युटर पॅनेलही बसलं होतं, हे मला माहीत होतं. पण पॅनेल काही चोऱ्या करत नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

बुधवारी लंचच्या वेळी मी पार्किंगमध्ये गेले आणि माझ्या गाडीत काही विसरल्याचं सोंग करून त्याच्या पिकअपमध्ये डोकावले. मागे मोरचुदाची रिकामी पोती होती. नऊ. व्यवस्थित घडी घातलेली, निळ्या डागांची. मी ती पुन्हा मोजली. खोटं कशाला सांगू, त्यात थोडा आनंदही होता. आपला संशय खरा ठरतोय, याचा जो एक ओशाळवाणा आनंद असतो, तो.

त्या आठवड्याच्या शेवटी नीलांबरीकडे पॉटलक होतं, प्रत्येकानं एकेक पदार्थ करून न्यायचं जेवण. नीलांबरी आमच्या महाराष्ट्र मंडळाची सेक्रेटरी, मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत. मंडळात मी कधी गुरांचं नाव काढत नसे. "लॅबमध्ये आहे, न्यूट्रिशन," एवढं सांगायचे. पण त्या दिवशी मला राहवलं नाही. कंपनीत चोरी होतेय आणि बहुतेक मीच पकडलीय, असं मी सांगून टाकलं.

"मेक्सिकन आहे का गं?" नीलांबरीनं मसालेभात वाढता वाढता विचारलं.

"हो."

"मग झालं तर! अगं, आमचा लॉनवाला. हेज ट्रिमर बॅकयार्डमध्ये ठेवलेला, नेक्स्ट वीक गायब. मी तर सरळ त्याला कॅन्सल केलं. यू कॅन्ट ट्रस्ट देम, यार."

"आणि तो ट्रिमर नंतर तुमच्याच गराजमध्ये सापडला ना?" माझा नवरा, श्रीरंग, शांतपणे म्हणाला.

सगळे हसले. नीलांबरीही हसली. "तो वेगळा इश्यू आहे, श्रीरंग."

घरी येताना गाडीत श्रीरंगनं विचारलं, "मृणाल, सॅम्पल तू स्वतः घेतलंस ना? म्हणजे, उद्या कोणी विचारलं तर?"

"हो," मी म्हटलं, "मीच घेते."

हे खोटं होतं.

कंपनीचा नियम असा होता की सॅम्पल लॅबच्या माणसानं स्वतः घ्यायचं, बॅगा भरताना, वेगवेगळ्या बॅगांत लांब पोकळ सळई खुपसून. फॉर्मवर 'सॅम्पल कोणी घेतलं' असा रकाना होता. मी नोकरीला लागले त्या पहिल्या महिन्यात रोज खाली जात होते. पण धूळ बसावी म्हणून मिश्रणावर शेवटी गरम चरबी फवारत. गुराढोरांचीच चरबी, आणि ती गुरांच्याच खाण्यात. तो वास माझ्या नाकातून मेंदूत जायचा. एक दिवस शिडीवरच मला उलटी झाली. एर्नेस्तोनं मला हात धरून खाली उतरवलं, पाणी आणून दिलं, शिडी धुतली आणि कोणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सॅम्पलची पिशवी माझ्या दाराबाहेर आलेली होती. त्यानंतर अकरा वर्षं ती रोज येत राहिली. रकान्यात मी माझं नाव लिहीत राहिले.

सोमवारी आमचा मॅनेजर डॅरेल यानं एर्नेस्तोला ऑफिसात बोलावलं. माझा रिपोर्ट टेबलावर होता. नऊ पोत्यांची हकीकतही मी सांगितली होती.

"पोती मी नेतो," एर्नेस्तो म्हणाला. "रिकामी. तूच परवानगी दिली होतीस, डॅरेल. खूप वर्षं झाली."

डॅरेलला आठवत नव्हतं. "रिकामी कुठे केलीस, हा प्रश्न आहे. मिश्रणात तांबं नाहीये."

"मी घालतो. प्रत्येक वेळी चार पोती. पॅनेल सांगतं तेव्हा."

"सॅम्पल वेगळं सांगतंय." डॅरेल माझ्याकडे वळला. "सॅम्पल नियमाप्रमाणेच घेतलं आहे ना? कोण घेतं?"

एका शब्दाचं काम होतं. एर्नेस्तो घेतो, एवढंच म्हणायचं. पण मग अकरा वर्षांच्या सह्यांचं काय? श्रीरंगची टेलिकॉममधली नोकरी २००१ला गेली ती गेलीच, तेव्हापासून तो सहा-सहा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर होता. घरातल्या तिघांचा मेडिकल इन्शुरन्स माझ्या नोकरीवर होता. आणि चोरच जर सॅम्पल घेत असेल तर त्यानं ते चांगलं नसतं का दिलं, हा साधा प्रश्न त्या क्षणी माझ्या डोक्यात आला आणि मी तो तिथेच दाबला.

"मी घेते," मी म्हटलं.

एर्नेस्तोनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखाद्याला आपण नीट ऐकलं की नाही असं वाटावं, तसं. मग त्यानं टोपी उचलली. डॅरेलनं त्याला चौकशी होईपर्यंत बिनपगारी घरी बसवलं.

पुढचे दहा दिवस मी अगदी नेटानं काम केलं. मिक्सरवर दुसरा माणूस आला. तोही एर्नेस्तोनं शिकवलेल्या पद्धतीनंच सॅम्पल माझ्या दाराशी ठेवून जायचा. मी त्यात तांबं मोजलं. पुन्हा सहावा हिस्सा. चोर घरी बसला होता आणि चोरी चालूच होती. हाही सामील असेल, सगळीच टोळी असेल, असंही मी एक दुपारभर मनाशी म्हणून पाहिलं. संशयी माणसाला शहाणपण सुचायलाही वेळ लागतो, कारण आधी सगळ्या जगाला आरोपी करून पाहावं लागतं.

आणि मग हॉलिसच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला.

"तुमचं मिनरल नाही हो," त्या म्हणाल्या. "दुष्काळानं त्याचं तळं आटलंय, तो खोल बोअरचं पाणी पाजतोय. त्यात गंधक आहे, नुसता वास घेतला तरी कळतं. वर यंदा गवत महाग म्हणून इथेनॉलच्या कारखान्यातला मक्याचा चोथा घालतोय, त्यातही गंधक. एवढं गंधक पोटात असलं की तांबं त्याच्याशी बांधलं जातं आणि शेणावाटे निघून जातं. तुम्ही कितीही तांबं घाला, वासराला ते मिळतच नाही. मी दोन वासरांच्या लिव्हरचे तुकडे तपासून घेतले, म्हणून कळलं. तुमच्याकडे सगळं ठीकच असेल ना?"

"हो," मी म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मला माहीतच नाही.

मी ती लांब सळई शोधून काढली. कपाटामागे पडली होती, तिच्यावर बोटभर धूळ होती. खाली गोदामात गेले. एप्रिल, मे, जून, जुलै, सगळ्या महिन्यांच्या शिवलेल्या बॅगा मी स्वतः फोडल्या. चरबीचा तोच वास. डोळ्यांत पाणी आलं पण पोट आवरलं. हाताला तांबडट, चिकट मिश्रण लागलं, आणि तेव्हा मी थबकले. कारण माझ्या दाराशी येणारं सॅम्पल कधीच चिकट नसायचं. कोरडं, हलकं, बिनवासाचं असायचं. अकरा वर्षं. प्रत्येक गोष्टीचा वास घेणाऱ्या मला, ज्या गोष्टीला वास नव्हता तिचा संशय आला नाही, कारण ती माझ्या सोयीची होती.

बॅगांमधलं तांबं पुरेपूर भरलं. प्रत्येक महिन्यात.

शनिवारी मी एर्नेस्तोच्या घरी गेले. गावाबाहेर छोटं घर, मागे कोंबड्यांची शेड. शेडवरची ताडपत्री वाऱ्यानं उडू नये म्हणून कडेनं वाळूची पोती रचली होती. पोती निळ्या डागांची होती. मी मोजली नाहीत.

त्याच्या बायकोनं मला पाणी दिलं आणि ती आत गेली. एर्नेस्तो कोंबड्यांना दाणे टाकत होता. टाकतच राहिला.

"तू सॅम्पल कुठून घेतोस?" मी विचारलं.

"मिक्सरच्या बाजूच्या दारातून."

"कधी?"

"चरबी सोडायच्या आधी." त्यानं माझ्याकडे न बघता सांगितलं. "तुम्हाला त्या वासानं उलटी झाली होती ना? मी डॅरेलला विचारलं होतं, ही बाई एवढी का घाबरते. तो म्हणाला, यांच्या देशात गाय पवित्र असते. मी म्हटलं, मग ती चरबी यांच्या हाताला लावणं बरं नाही. पाप आपल्याला लागायचं."

मी विचारलं, "आणि मोरचूद कधी घालतोस?"

"पूर्वी चरबीच्या आधीच घालायचो. नवं पॅनेल आलं तेव्हापासून ते म्हणतं, आधी चरबी, मग मोरचूद. म्हणजे निळी धूळ उडत नाही." त्याचा हात दाण्यांच्या डब्यात थांबला. तो काही मूर्ख नव्हता. "म्हणून?"

"म्हणून."

सॅम्पल चरबीच्या आधीचं आणि मोरचूद चरबीच्या नंतरचं; माझ्या पिशवीत यायचं ते फक्त बाकीच्या खनिजांतलं थोडंसं तांबं. कोंबड्या त्याच्या बुटांवर चोची मारत होत्या.

"तू तेव्हाच का नाही सांगितलंस? सॅम्पल मी घेतो म्हणून?"

"तुम्ही म्हणालात, मी घेते. त्यानंतर मी काय बोलायचं? मालकासमोर म्हणायचं, सेन्योरा खोटं बोलतेय?" तो डबा खाली ठेवून उभा राहिला. "मला वाटलं तुम्ही नंतर जाऊन सांगाल. माझ्यासमोर लाज वाटली असेल, नंतर सांगतील. मी दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, कपडे घालून फोनपाशी बसलो होतो. मग तिसऱ्या दिवशी. बायको म्हणायला लागली, तू खरंच काही घेतलं तर नाहीस ना?"

एवढी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. मी माफी मागितली. आधी इंग्रजीत मागितली आणि ती अपुरी वाटली म्हणून मराठीतही काहीतरी पुटपुटले. त्यानं मान हलवली. होकार होता की नुसतंच ऐकलं म्हणून हलवली, ते मला कळलं नाही.

त्या संध्याकाळी मी श्रीरंगला सगळं सांगितलं. तो स्वयंपाकघरात भांडी पुसत होता. रुचाही तिथेच होती.

"सो यू लाइड, आई," रुचा म्हणाली.

"हो."

"ही कुड हॅव गॉन टु जेल."

"रुचा, पुरे," श्रीरंग म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "नोकरी गेली तर बघू. सोमवारी सांगून टाक. त्याच्या घरी सांगितलंस, ते इझी होतं. डॅरेलला सांग."

सोमवारी मी डॅरेलला सांगितलं. सॅम्पल कोण घेत होतं, किती वर्षं घेत होतं, का घेत होतं, सगळं. उलटीचंही सांगितलं. लेखी दिलं. तो कपाळाला हात लावून ऐकत राहिला. मला काढून टाकावं असं त्याच्या मनात आलं असणार, पण अकरा वर्षांच्या फॉर्मांवर मॅनेजर म्हणून त्याचीही सही होती. मला लेखी ताकीद मिळाली, वर्षाची पगारवाढ बंद झाली. हॉलिसला डॉक्टरीणबाईंनी पाणी बदलायला लावलं. एर्नेस्तोला बुडालेला पगार देऊन परत बोलावलं. तो येणार नाही असं मला वाटत होतं. तो आला.

पहिल्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास लॅबमधला स्पीकर खरखरला. "लॅब. सॅम्पल."

मी सळई घेऊन खाली गेले. तो बॅगांच्या रांगेपाशी हात मागे बांधून उभा होता. मी एकेका बॅगेत सळई खुपसत होते, वासानं मला मळमळत होतं, आणि ते त्याला दिसत होतं. पूर्वीचा एर्नेस्तो तोंड फिरवून उभा राहिला असता, किंवा पाणी आणायला गेला असता. हा शेवटच्या बॅगेपर्यंत माझ्या हाताकडे बघत राहिला.

"एर्नेस्तो, कोंबड्या कशा आहेत?" मी विचारलं.

"ठीक, मॅडम."

त्यानं फॉर्म पुढे केला. 'सॅम्पल कोणी घेतलं' या रकान्यावर त्यानं बोट ठेवलं. मी नाव लिहिलं. "वेळही लिहा," तो म्हणाला. मी वेळ लिहिली. मग त्यानं तो कागद स्वतःकडे वळवून वरपासून खालपर्यंत वाचला, एकेका ओळीखालून बोट फिरवत, सावकाश. अकरा वर्षांत त्याला कुठलाही फॉर्म वाचताना मी पाहिलं नव्हतं.

वाचून झाल्यावर त्यानं खालची पिवळी प्रत फाडली, तिची चौपदरी घडी केली, शर्टाच्या खिशात घातली आणि खिशाचं बटण लावलं. मग तो मिक्सरकडे गेला.